मानसिक प्रथमोपचार की पाच बैठकांचा वर्ग?

युद्धातून किंवा महापुरातून आलेल्या पोरांना सावरायला मोठ्यांनी काय शिकावं, हा प्रश्न कोल्हापूरला परका नाही. १९४३ ते १९४८ दरम्यान कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बायका-मुलंच जास्त. आज शिकायचं तर दोन वाटा आहेत.

पहिली, मानसिक प्रथमोपचार, म्हणजे हादरलेल्या माणसाला दिलेला पहिला आधार. जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका २०११ची. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, एवढाच गाभा. अंगणवाडीताईंपासून रिक्षावाल्या मामांपर्यंत कुणीही थोडक्या वेळात शिकेल. 'काय झालं ते सांग की' म्हणून खोदून विचारायचं नाही, हे मात्र आपल्याकडे मुद्दाम शिकवायला हवं. चौकशी आपल्या रक्तातच!

दुसरी, 'टीचिंग रिकव्हरी टेक्निक्स', म्हणजे सावरायच्या युक्त्या शिकवणं. 'चिल्ड्रन अँड वॉर फाउंडेशन'ची पद्धत. आठ वर्षांपुढच्या मुलांच्या गटासाठी ५ बैठका, पालकांसाठी २. इथं मुलांच्या हातात काहीतरी पडतं. डोळ्यांपुढून न हटणारं दृश्य टीव्हीवर चाललंय असं समजायचं. मग रंग फिका, आवाज बारीक, पडदा लांब, शेवटी बंद. रिमोट मुलाकडेच. पण शिकवणाऱ्याची तयारी पक्की हवी, आणि पाठीशी कुणी जाणकार.

माझ्या मते शाळेतल्या बाईंनी दुसरं शिकावं, पोरं रोज त्यांच्यापुढेच असतात. महापुरात निवारा केंद्रावर धावणाऱ्या तालमीच्या पोरांना पहिलं पुरे. स्वतःला इजा करून घेणारं मूल दिसलं, तर दोन्ही वह्या मिटायच्या आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा.