वर्षावनासाठी वेळ द्यायचा आहे: वालपराई की कोकण?

"जंगलासाठी काहीतरी करायचंय. दर शनिवारी खड्डे खणायला जाणं जमणार नाही, पण बोलता येतं, लिहिता येतं, चार माणसं गोळा करता येतात. कुणाच्या कामाला जोडून घेऊ?" हा प्रश्न मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, नोकरी सांभाळून वेळ काढणारे. त्यांच्यापुढे मी दोन ठिकाणं ठेवते. एक तमिळनाडूतलं वालपराई, जिथं मोडकळीला आलेलं वर्षावन पुन्हा उभं केलं जातंय. दुसरं आपलं कोकण, जिथं उभं असलेलं जंगल पडू नये म्हणून धडपड चाललीय. दोन्ही पश्चिम घाटातच, पण प्रचार करणाऱ्या माणसाकडून दोन्हीकडे अगदी वेगळं काही हवं असतं.

वालपराई

पोल्लाचीहून निघालं की घाटातली चाळीस हेअरपिन वळणं चढून आपण वालपराईच्या पठारावर येतो. १८९०च्या दशकापासून इथलं जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. आज भोवती अनामलाई व्याघ्र प्रकल्प, मध्ये मळे, आणि मळ्यांत अडकलेले वर्षावनाचे तुकडे. काही तुकडे तर एवढे लहान, की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा चहा दिसतो. म्हैसूरची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था २०००च्या सुमारापासून या तुकड्यांवर काम करते आहे. दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन या दोन शास्त्रज्ञांनी ते काम उभं केलं. जमीन मळेवाल्या कंपन्यांची, त्यामुळे त्यांना सोबत घेऊनच सगळं चालतं.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी घाणेरी, म्हणजे बाहेरून येऊन पसरलेलं लँटानाचं झुडूप, काढायची, पण सरसकट नाही. तिच्या जाळीत देशी झाडांची बोटभर रोपं दडलेली असतात, ती हाताने चाचपून वाचवायची. बी जंगलात जाऊन ओरबाडायचं नाही. रस्त्यावर पडलेलं, गाड्यांखाली चिरडणार किंवा डांबरावर वाळून जाणार असं बी उचलायचं आणि पिशवीत रुजवायचं. रोपवाटिकेत शंभराहून जास्त देशी जाती आहेत. रोप धडधाकट झालं की पहिल्या पावसात लावायचं, आणि पुढची काही वर्षं भोवतालची घाणेरी काढत राहायचं. मी तिथं कुलेनिया या वर्षावनातल्या झाडाचं फळ हातात घेतलं होतं. मुठीएवढं, चहूबाजूंनी टोचणारे काटे, जणू लहानसा फणस. सिंहपुच्छ वानर ते काटे सोलून आतलं बी खातो. ही वानरं रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येत, म्हणून पुदुतोट्टम भागात रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे झुलते पूल बांधलेत. मी खाली उभी असताना एक मादी पोटाला पिल्लू घेऊन त्यावरून गेली. पूल हलला तशी ती थांबली, पलीकडे पाहिलं, मग पुढे सरकली. त्या दोन मिनिटांत रस्त्यावरच्या कुणीही गाडीचा हॉर्न वाजवला नाही.

प्रचाराला वालपराई सोपं आहे, आणि हे मी चांगल्या अर्थानं म्हणते. दाखवायला आधीचं आणि नंतरचं चित्र आहे. पुरावाही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोपं लावून राखलेले तुकडे आणि तसेच सोडून दिलेले तुकडे शेजारी ठेवून पाहिले गेले. झाडांची विविधता, सावली, साठलेला कार्बन, सगळ्यांत राखलेले तुकडे पुढे होते. तरीही मूळ अभंग जंगलाची बरोबरी त्यांना आलेली नव्हती, हेही त्याच अभ्यासात आहे. प्रचार करणाऱ्याने हे दुसरं वाक्य कधीही गाळू नये. ते गाळलं की ऐकणाऱ्याला वाटतं, जंगल तोडलं तरी चालतं, नंतर लावता येतं.

अडचण अशी, की आपण तिथं पाहुणेच राहतो. मळ्यातले कामगार, गावातली माणसं, गाडीवाले यांच्याशी रोजचं बोलणं तमिळमध्ये, आणि ते करणारी माणसं तिथं आहेत. मुंबईहून कोइंबतूरची रेल्वे, पुढची बस, जळवा, पाऊस, असे पाच-सहा दिवस तरी काढावे लागतात, तेही वर्षातून एखाद वेळा. आपल्या हातात उरतं ते परत आल्यावरचं काम: शाळेत, सोसायटीत, कंपनीत बोलणं, मराठीत लिहिणं, देणगी मिळवणं. ते लहान नाही. पण माझ्या मते वालपराईची खरी मदत आपल्याला इथं होते. एकदा ते काम नीट पाहिलं, की आपल्या गावातली कुठलीही वृक्षलागवड जोखता येते. मी स्वतः ते पाहण्याआधी एका मोठ्या लागवडीचा प्रचार केला होता. दोनशे माणसं जमवली, एकसारखे टीशर्ट, ढोल, फोटो. पुढच्या उन्हाळ्यात त्या टेकडीवर गेले तर वाळलेल्या काड्या आणि काळ्या पिशव्यांचे तुकडे. कोणत्या जाती लावताय, बी कुठलं आणि तिसऱ्या वर्षी पाणी कोण घालणार, हे तीन प्रश्न मी विचारलेच नव्हते. ज्यांना मी बोलावलं, त्यांची ती सकाळ मी फुकट घालवली. याचं मला अजून वाईट वाटतं.

कोकण

इथं रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल सरकारचं नाही, माणसांच्या सातबाऱ्यावरचं आहे. सगळं काही काटेकोर अर्थानं वर्षावन म्हणता येणार नाही. बराच भाग निमसदाहरित, मधूनच सदाहरित. पण देवरायांत आणि ओढ्याकाठी जुनं रान टिकलंय. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, अंधारी सावली. जेमतेम अडीच हेक्टर. गावाने देवाच्या नावाने राखली म्हणून उरली, आणि २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई तिचीच बहीण.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद करायला सुरुवात केली. पुढे १९९०च्या दशकापासून पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन संगमेश्वर भागात गावकऱ्यांबरोबर काम करू लागली. त्यांचा मार्ग लागवडीचा कमी आणि राखणीचा जास्त. मालकांशी करार होतो, काही वर्षं तोड करायची नाही असं ठरतं आणि त्या बदल्यात मालकाला किंवा गावाला काही मिळतं. बेहड्याचं उदाहरण घ्या. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते, आणि नर फटीतून फळं भरवत राहतो. तेच झाड ठेकेदाराच्या हिशोबात नुसतं लाकूड. पण त्याची फळं नीट गोळा करून, फेअरवाइल्डसारख्या (रानातला माल जपून गोळा केल्याच्या) प्रमाणपत्रासह औषधी कंपन्यांना विकता आली, तर उभं झाड दरवर्षी पैसे देतं. झाड वाचतं आणि ढोलीही.

आता प्रचाराकडे येते. कोकणातलं झाड पडतं ते बहुतेकदा गावात ठरून नाही. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर आठ-दहा नावं, त्यातली सहा मुंबईत. दिवाळीनंतर ठेकेदार येतो, गावातल्या एकट्या म्हाताऱ्या काकांना आकडा सांगतो, आणि मग फोन जातात: डोंबिवली, लालबाग, नालासोपारा. मुंबईवाल्याला ते रान कधी नीट दिसलेलंच नसतं. तो म्हणतो, "द्या, काय द्यायचं ते. नाहीतरी पडूनच आहे." निर्णय त्या फोनवर होतो. म्हणून प्रचार त्या फोनच्या टोकाला व्हायला हवा, आणि तिथं पोचायला मराठी बोलणारा, चाकरमान्यांच्या मंडळात ज्याला चहा मिळतो असा माणूसच लागतो. शास्त्रज्ञाला ते जमेलच असं नाही. वालपराईत आपण अनेकांतले एक असतो. इथं आपल्याशिवाय ते काम करणारं दुसरं कुणी नसेल, अशी पाळी येते.

आमच्या वाडीच्या मंडळाची बैठक डोंबिवलीत एका शाळेच्या वर्गात भरते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून सगळे बसलेले. विषय होता देवळाचा जीर्णोद्धार. स्लॅब, फरशी, कळस. खर्चाला पैसे कमी पडत होते, आणि एकाने सहज सुचवलं, राईतली चार झाडं काढली तर भागेल. मी उठले. काय बोलावं हे आधी ठरवलेलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, की आपल्या आजीने त्या राईतली वाळकी काटकी तरी कधी चुलीला आणली होती का? थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "नाय बा. पायातलं काढून जायची." त्या दिवशी झाडांचा विषय मागे पडला. पुढच्या दोन बैठकांत तो परत निघाला, परत बोलावं लागलं. शेवटी वर्गणी वाढवून दिली लोकांनी, आणि फरशी स्वस्तातली घेतली.

कोकणाच्या बाजूची अडचण लपवत नाही. या कामाचा फोटो निघत नाही. जे झाड तोडलं गेलं नाही, त्याच्यापुढे उभं राहून काय दाखवणार? देणगीदार विचारतो, किती झाडं लावलीत? उत्तर शून्य. वाद होतात, घरातल्यांशीही. एखाद्या मालकाला खरोखर मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसे हवे असतात, तेव्हा नुसती पर्यावरणाची भाषा करणं मला लाजिरवाणं वाटतं. करार, फळांची विक्री, दुसरा काहीतरी मोबदला सांगता येत असेल तरच तोंड उघडावं. वालपराईचा प्रचार करताना असं ओझं जाणवत नाही.

पैशांचं म्हणाल तर कोकणात खर्च जवळजवळ नाही. शिमग्याला आणि गणपतीला आपण गावी जातोच, आणि सगळे हिस्सेदार एका अंगणात असतात ते तेव्हाच. शिमगा उलटून गेला की तोडीचे मोठे सौदे बऱ्याचदा झालेले असतात, म्हणून मी गणपतीतच बोलून घेते.

परदेशातल्या जंगलात पैसे भरून दोन आठवडे 'स्वयंसेवा' करायच्या सहली असतात, त्याबद्दलही विचारणा होते. मी त्यात पडले नाही. विमानाच्या तिकिटाएवढी रक्कम सरळ एखाद्या कामाला द्यावी असं माझं मत. दूर राहून प्रचार किती करता येतो हे बघायचं तर कोस्टा रिकातल्या माँतेव्हेर्देचं उदाहरण पुरेसं आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका शाळेतल्या मुलांनी तिथलं वर्षावन विकत घेऊन वाचवायला पैसे जमवायला सुरुवात केली. पुढे अनेक देशांतली मुलं त्यात आली, आणि आज 'मुलांचं शाश्वत वर्षावन' बावीस हजार हेक्टरांहून मोठं आहे. आपल्याकडच्या शाळेत बोलायला जाणाऱ्याने ही गोष्ट जरूर सांगावी. फक्त कोकणात बाहेरच्याने जमीन विकत घेतली की गावाला आधी संशय येतो. तिथं खरेदीपेक्षा करार बरा.

तर निवड अशी करा. कोकणात किंवा गोव्यात मुळं असतील, सातबाऱ्यावर नाव असेल, किंवा निदान एखाद्या मंडळात ओळख असेल, तर वालपराईचा मोह आवरा आणि इथं या. तुमची जागा दुसरा कुणी भरून काढू शकणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातले असाल, बंगळुरात किंवा चेन्नईत राहत असाल, शिकवायची आवड असेल, तर वालपराई घ्या. एकदा पावसाळ्यात जाऊन या, मग वर्षभर त्यावर बोला. वेळ अगदीच कमी, महिन्याला दोन तास, असं असेल तर लिहा. घाणेरी कशी काढतात, रस्त्यावरचं बी कसं रुजवतात, एवढं जरी मराठीत नीट पोचलं तरी पुढच्या जूनमधल्या कितीतरी लागवडी सुधारतील.

मी स्वतः आता कोकणाचंच धरलं आहे. आमच्या सामाईक रानात ओढ्यालगत एक बेहडा आहे. तीन माणसांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पुरत नाही. मागच्या फेब्रुवारीत ढोलीच्या तोंडाशी ताजं लिंपण दिसलं. करारावर सात हिस्सेदारांच्या सह्या झाल्यात. आठवे आमचे चुलतकाका, ते विरारला असतात. रविवारी त्यांच्याकडे जायचंय, बेहड्याचा फोटो घेऊन.