यामाहाचा साउंडबार की रिसीव्हर? आधी सोफा कुठे आहे ते बघा

टीव्ही पातळ होत गेले तसा त्यांचा आवाजही बारीक झाला. स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे मालिकेतलं पार्श्वसंगीत घुमतं आणि नेमका संवादच कळत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर आवाज वाढवत वाढवत शेजाऱ्यांपर्यंत जातो. यावर यामाहाचे दोन पर्याय समोर ठेवतो: एसआर-बी२०ए हा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी, आणि आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ चा एव्ही रिसीव्हर, म्हणजे पाच वेगळे स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर जोडायचा अॅम्प्लिफायर.

यामाहाची सुरुवात १८८७ साली रीड ऑर्गनपासून झाली, म्हणजे आपल्या पेटीच्याच कुळातल्या वाद्यापासून. लोगोत आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. १९८६ मध्ये त्यांनी डीएसपी-१ हा ध्वनी प्रोसेसर काढला आणि सभागृहातला घुमारा घरात आणण्याच्या तंत्रावर तेव्हापासून काम केलं. त्यामुळे या कंपनीकडून आवाजाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

दुकानात पहिल्यांदा वॅट सांगतात. साउंडबार एकूण १२० वॅटचा, रिसीव्हर चॅनेलला, म्हणजे एकेका स्पीकरला, ७० वॅटचा. पण ते ७० वॅट दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. पाचही एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात. आपल्या हॉलला दोन्ही पुरतात. वॅटवरून ठरवू नका.

साउंडबारची बाजू सरळ आहे. लांबी ९१ सेंटिमीटर, उंची साधारण सव्वापाच, खर्जाचा वूफर आतच, त्यामुळे वेगळा डबा ठेवायचा नाही. टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला (यातून टीव्हीचा आवाज बाहेर येतो) एक वायर लावली की झालं. बहुतेक टीव्हींवर मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. रिमोटवरचं क्लिअर व्हॉइस बटण संवाद पुढे आणतं आणि बातम्या, मालिका यांना ते खरंच उपयोगी पडतं. चारी बाजूंनी आवाज आल्याचा भास डीटीएस व्हर्च्युअल:एक्स हे तंत्र करून देतं, पण तो मधे बसणाऱ्याला जास्त जाणवतो. कडेच्या खुर्चीवर फारसा नाही. आणि बार बिघडला की सगळंच बंद.

रिसीव्हरला मात्र घराने थोडी जागा आणि तुम्ही थोडा वेळ द्यावा लागतो. स्पीकर आणि सबवूफर वेगळे घ्यायचे, वायरी फिरवायच्या, वरची बाजू मोकळी ठेवायची कारण तो तापतो. वायर सोलल्यावर तारा पीळ देऊन घट्ट करा. लाल टोकाची एखादी सुटी तार काळ्याला टेकली तरी रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो.

मग खोक्यातला छोटा माइक पुढच्या जॅकला लावायचा आणि आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा. पंखा बंद, घरात शांतता. वायपीएओ ही आवाज आपोआप जुळवायची यामाहाची सोय चालू केली की एकेका स्पीकरमधून चाचणीचा आवाज येतो आणि रिसीव्हर प्रत्येकाचं अंतर, आवाजाची पातळी आणि खोलीमुळे बदललेला नाद मोजून जुळवून घेतो. टाइल्सची जमीन आणि उघड्या भिंती असलेल्या आपल्या हॉलमध्ये हा फरक लगेच कानाला लागतो.

माझ्या मते रिसीव्हर घ्यायचं सर्वांत मोठं कारण सेंटर स्पीकर. ५.१ सिनेमात बहुतेक संवाद त्याच चॅनेलमध्ये असतात. तेवढ्याचीच पातळी दोन-तीन डेसिबल वाढवली की गोळीबार आहे तेवढाच राहतो आणि कुजबुज ऐकू येते. बी२०ए मध्ये वेगळा सेंटर नाही. ब्लू-रे बघत असाल तर आणखी एक फायदा: चार एचडीएमआय इनपुट असल्याने प्लेअर थेट रिसीव्हरला जोडता येतो आणि डॉल्बी ट्रूएचडी, म्हणजे डिस्कवरचा दर्जा न घटवलेला आवाज, पूर्ण मिळतो. साध्या एआरसीमधून तो जात नाही. फक्त ओटीटी बघणाऱ्याने या फायद्यासाठी पैसे मोजू नयेत. वाय-फाय दोन्हींत नाही. फोनवरची गाणी ब्लूटूथवरूनच.

आता सोफा. मागचे स्पीकर समोरच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरा मागे हवेत. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर ते कानाशीच येतात आणि बाकीचं झाकून टाकतात. रिसीव्हरच्या व्हर्च्युअल सिनेमा फ्रंट या सोयीत पाचही स्पीकर समोर ठेवता येतात, पण तो पुन्हा भासच. सोफा दोन-तीन फूट पुढे ओढता येत नसेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर मी साउंडबारच घ्यायला सांगेन.

स्वतःचं घर आहे, जागाही आहे, पण एकदम खर्च झेपत नाही? रिसीव्हरबरोबर समोरचे दोन आणि सेंटर एवढेच घ्या. पुढे सबवूफर, मागचे दोन सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी नवा स्पीकर जोडला की वायपीएओ पुन्हा चालवा, आधीच्या मापांत तो धरलेला नसतो.