लॅब मादी: नसबंदी करायची की एक वेत होऊ द्यायचं?

घरातली लॅब्राडॉर किंवा गोल्डन मादी पहिल्यांदा हीटवर (माजावर) आली की सल्ल्यांना ऊत येतो. सोसायटीतले काका म्हणतात, "एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर तब्येत बिघडते." ज्यांच्याकडे नर आहे ते मेटिंगचा विषय आडून काढतात. डॉक्टर नसबंदी सुचवतात. मुलांना विचारायची सोयच नाही, त्यांना पिल्लं हवीच असतात. मोठ्या झालेल्या, घरातून निघालेल्या कुत्र्यांना दुसरं घर शोधून देण्याच्या कामात मी मदत करते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घरगुती लॅबसाठी मी नसबंदीच सुचवेन, फक्त सहाव्या महिन्यात नको. वेत होऊ देणं हा काही गुन्हा नाही. पण ते निभावू शकतील अशी घरं फार थोडी असतात.

काकांचं म्हणणं आधी निकालात काढू. एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला आधार नाही. गर्भाशयाचा संसर्ग किंवा स्तनांतल्या गाठी, यांपासून एका वेतामुळे संरक्षण मिळतं असं मानायलाही जागा नाही. उलट बाळंतपणाचे धोके वाढतात ते वेगळेच. तेव्हा वेत ठरवायचं तर ते पिल्लांसाठी ठरवा, तिच्या आरोग्याचं कारण पुढे करू नका.

वेत ठरवलं तर

विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांवर २०१७ चे केंद्राचे नियम लागू आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी किमान १८ महिन्यांची हवी, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नकोत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. "घरचंच तर आहे, आम्ही कुठे धंदा करतोय" असं म्हणत पैसे घेणारे पुष्कळ आहेत. नियम त्यांच्यासाठीही वाचण्यासारखे आहेत.

पण अठरा महिने ही कायद्याची किमान मर्यादा झाली. लॅबच्या खुब्याचा एक्स-रे काढून हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार) आहे की नाही याचा पक्का निकाल हवा असेल, तर दोन वर्षांपर्यंत थांबायची पद्धत आहे. कोपराचाही एक्स-रे हवा. डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराची आणि श्रमानंतर मागचे पाय गळण्याच्या आजाराची जनुकीय चाचणी होते. ही सगळी तपासणी नराचीसुद्धा झालेली हवी. इथेच बहुतेक बेत गडबडतात. नरवाले दाखवतात त्याचे फोटो, सांगतात "डबल बोन आहे, हेवी बोन आहे", आणि एक्स-रे मागितला की त्यांचा चेहरा पडतो. "डबल बोन" नावाची कुठलीही जात किंवा दर्जा नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. आई-बाप दोघांचीही केनेल क्लब ऑफ इंडिया या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंद असल्याशिवाय पिल्लांना कागद मिळत नाहीत. आणि कागद असले तरी ते वंशावळ सांगतात, खुबा कसा आहे ते सांगत नाहीत.

गर्भ साधारण ६३ दिवसांचा. लॅबला सहा-आठ पिल्लं सहज होतात, दहा झाली तरी नवल नाही. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, त्यामुळे पंखा, एसी, पावसाळ्यातली ओल, सगळ्याचा विचार करावा लागतो. पिल्लांसाठी केलेल्या खोक्याच्या कडेने आतून आडवी पट्टी लावतात, म्हणजे आई टेकून बसली तर पिल्लू भिंतीशी चिरडत नाही. सगळी पिवळी पिल्लं सारखीच दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैलसर बांधायची आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करून वहीत लिहायचं. एका दिवसात ज्याचं वजन वाढलं नाही ते पिल्लू आईच्या मागच्या, जास्त दुधाच्या आचळाशी नेऊन लावायचं. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध. पुढे लशी. पार्वो हा जीवघेणा विषाणू शिरला तर वेतच्या वेत जाऊ शकतं, म्हणून बघायला येणाऱ्या प्रत्येकाला चपला बाहेर आणि हात धुऊन. नातेवाईक रुसतात. रुसू द्यावेत.

हे सगळं दोन महिने. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात कुणीतरी मोठी रजा टाकायला तयार असेल तरच पुढे विचार करावा.

आणि मग पिल्लं द्यायची कुणाला

कुत्री गाभण असताना "आम्हाला एक हवंच" म्हणणारे दहा असतात. पिल्लं दीड महिन्याची झाली की त्यांतले निम्मे मोकळे होतात: सासूबाईंना चालत नाही, बदली आहे, मुलाची दहावी आहे. उरलेली पिल्लं मग घाईत जातात, आणि घाईत गेलेलं पिल्लूच आठ महिन्यांनी ते दीड वर्षाच्या दरम्यान परत निघतं. तोवर ते तीस किलोचं झालेलं असतं, साखळी ओढतं, बाल्कनीतली कुंडी उलथतं. मला येणारे फोन बहुतेक याच वयाच्या लॅबचे असतात.

म्हणून पिल्लं देण्याच्या तीन वाटा एकमेकींशेजारी ठेवून बघा.

एजंटला एकगठ्ठा देणं सगळ्यात सोपं. एका दिवसात घर रिकामं. पण पिल्लू कुठे गेलं ते तुम्हाला कधी कळणार नाही, आणि एजंटकडे चार घरांची पिल्लं एकत्र आली की पार्वोला आमंत्रणच. शिवाय त्याला पस्तीस दिवसांचं पिल्लू हवं असतं, कारण ते जास्त गोंडस दिसतं आणि लशीचा खर्च वाचतो. चावताना दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांशी कुस्ती करताना शिकतं. ते आठवडे कापले की ते शिक्षण नव्या घरातल्या लहान मुलाच्या हातावर होतं. ही वाट मी पर्यायांत धरतच नाही.

ओळखीच्यांना फुकट देणं मनाला बरं वाटतं. अडचण ही की ओळखीच्या माणसाला नकार देता येत नाही आणि प्रश्नही विचारता येत नाहीत. दिवसभर घरी कोण असतं? घर भाड्याचं आहे का, मालकाची परवानगी आहे का? गावाला जाताना कुत्रं कुठे राहील? मावसभावाला हे विचारलं तर "आमच्यावर विश्वास नाही का" होतं.

तिसरी वाट लेखी कराराची. पिल्लाला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), लशींचं कार्ड आणि आई-बापाच्या तपासण्यांच्या प्रती द्यायच्या, आणि करारात दोन गोष्टी न चुकता लिहायच्या. पैदास करायची नाही, ठरलेल्या वयानंतर नसबंदी करायची. आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडे परत आणायचं, मग ते कितीही वर्षांचं असो. अमेरिकन केनेल क्लबकडे तर मर्यादित नोंदणीची सोय आहे. तशी नोंद झालेल्या कुत्र्याची पिल्लं नोंदवलीच जात नाहीत. आपल्याकडे काही जण अनामत रक्कम घेतात आणि नसबंदीचं प्रमाणपत्र दाखवलं की परत करतात. कोर्टात हा करार किती टिकेल याची चिंता करण्यापेक्षा तो वाचून समोरच्याचा चेहरा कसा होतो ते पाहावं. चांगलं घर सही करतं आणि वर दोन प्रश्न विचारतं.

परत घेण्याचं कलम मात्र दोन्ही बाजूंनी बांधतं. चार वर्षांनी एखादं पिल्लू खुब्याचं दुखणं घेऊन दारात आलं तर घ्याल? घरातल्या सगळ्यांचं उत्तर "हो" नसेल, तर वेताचा विषय तिथेच संपला.

नसबंदी ठरवली तर

इथे प्रश्न "करायची का" यापेक्षा "कधी" हा आहे, आणि त्यात जातीनुसार फरक पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१४ मध्ये लॅब आणि गोल्डनच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या लॅबमध्ये सांध्यांच्या विकारांचं प्रमाण नसबंदी न झालेल्यांच्या साधारण दुप्पट निघालं, गोल्डनमध्ये चार-पाच पट. हाडांच्या टोकांची वाढ थांबवण्यात संप्रेरकांचा हात असतो. ती लवकर काढून घेतली की मोठ्या जातींत हाडं जरा जास्तच वाढतात. २०२० मध्ये याच मंडळींनी ३५ जातींचा आढावा घेतला आणि लॅब मादीसाठी एक वर्षानंतरचं वय सुचवलं. गोल्डन मादीबाबत ते अधिक सावध आहेत, कारण तिच्यात नसबंदीनंतर काही कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एक तर करू नका, किंवा वर्षाची झाल्यावर करून पुढे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, असं ते म्हणतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत सांध्यांचा हा प्रश्न दिसला नाही.

उशिराची दुसरी बाजू अशी की पहिल्या हीटपूर्वी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका सगळ्यात कमी होतो, असं जुन्या अभ्यासांत आहे. तो पुरावा फारसा भक्कम नाही, असं नंतरच्या आढाव्यात म्हटलंय. या दोन्हींत लॅबसाठी माझा कौल सांध्यांना.

तोटे लपवायचे नाहीत. काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, मोठ्या जातींत जास्त, त्यावर औषध आहे. आणि वजन. लॅब मुळातच खादाड, सुमारे चतुर्थांश लॅबमध्ये भूक न शमवणारा जनुकीय बदल असतो असं २०१६ च्या केंब्रिजच्या संशोधनात दिसलं. नसबंदीनंतर उष्मांकांची गरज आणखी घटते. वाटीतलं खाणं त्याच आठवड्यात कमी केलं नाही, तर सहा महिन्यांत तिची कंबर दिसेनाशी होते. दुपारची पोळी बंद करायला आजी तयार आहेत का, हे आधी विचारून ठेवा.

शस्त्रक्रिया हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे हीटची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली हवी. आधी रक्त तपासा, प्लेटलेट खास. आपल्याकडे गोचीडताप इतका सर्रास आहे की वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्रीच्याही प्लेटलेट घसरलेल्या असू शकतात, आणि मग टेबलावर रक्त थांबत नाही. डॉक्टर ही तपासणी सांगत नसतील तर तुम्ही मागा. पुढे दहा-चौदा दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर, दाराच्या चौकटीवर ठकठक, पाण्याचं भांडं उपडं. भर पावसाळा शक्यतो टाळावा, टाके कोरडे ठेवणं अवघड जातं.

काहीच केलं नाही तर

हा तिसरा पर्याय बहुतेक घरं न ठरवताच निवडतात. दर सहा-आठ महिन्यांनी हीटचे तीन आठवडे तिला डोळ्यांसमोर ठेवायचं, इतकं जमलं तर जगणं चालतं. स्वीडनमध्ये सरसकट नसबंदीची प्रथा नव्हती, आणि तिथल्याच विम्याच्या नोंदींतून दिसलं की दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ चौथ्या भागातल्या माद्यांना गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो. हीटनंतर काही आठवड्यांनी मादी अचानक खूप पाणी पिऊ लागते, खाणं सोडते, उलट्या करते. स्राव दिसेलच असं नाही, आणि न दिसणारा प्रकारच जास्त घातक. उपाय शेवटी गर्भाशय काढणं हाच, फक्त आता नऊ वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या कुत्रीवर आणि मध्यरात्री. ही लक्षणं फ्रिजवर चिकटवून ठेवणार असाल तरच हा पर्याय घ्या.

नजर चुकवून गेटबाहेर गेली तर गर्भाशिवाय आणखी एक धोका असतो. संभोगातून पसरणारी गाठ आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत बरीच आढळते. केमोथेरपीच्या इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते, पण दर आठवड्याला दवाखान्याच्या खेपा होतात.

नर असेल तर

इथे घाईचं कारण कमी. लॅब नरासाठी सहा महिन्यांनंतर, गोल्डनसाठी वर्षानंतर. भटकणं, जिथे तिथे तंगडी वर करणं बहुधा कमी होतं. चावरेपणा कमी होईलच असं नाही, आणि भित्र्या कुत्र्यात तो वाढूही शकतो, म्हणून "ऑपरेशन करा, शांत होईल" या सल्ल्यावर आधी प्रशिक्षकाचं मत घ्या. एक वृषण पोटात राहिलं असेल तर मात्र काढूनच टाकावं, त्यात कर्करोगाचा धोका वाढतो.

हे सारं लॅब-गोल्डनबद्दल, ज्यांची पिल्लं कुठल्याही शहरात आज फोन केला तर उद्या मिळतात. मराठवाड्यात कुणाकडे चांगल्या वंशाची, धावणारी कारवानी (तिथली देशी शिकारी जात) असेल तर माझं उत्तर बदलेल. तिथे तपासण्या करून, घरं आधी ठरवून घेतलेलं एखादं वेत मला आवडेल. करार तोच.