काळोख भाड्याने मिळेल का? दिवाळीच्या पाच प्रयोगांचा साऊंड-लाईटचा अनुभव

"दादा, तुमचे पार शून्यावर आणले की पूर्ण विझतात का?"

पार म्हणजे रंगमंचावर वर टांगायचे डब्यासारखे दिवे, आणि दादा म्हणजे साऊंड-लाईट भाड्याने देणाऱ्या दुकानाचे मालक. फोनवर दोन सेकंद काहीच नाही. मग हसण्याचा आवाज. "ताई, लोक इचारतेत उजेड किती पडतो म्हणून. विझतेत का, हे इचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

रात्री त्यांनी व्हिडिओ पाठवला. गोदामाचं शटर ओढलेलं, एकच पार, लाल रंग. उजेड छान उतरत गेला आणि अगदी शेवटी टुणकन उडी मारून बंद झाला. ती उडी मला नको होती. तरी ऑर्डर दिली. कारण याआधी चार दुकानांत हाच प्रश्न विचारला होता आणि चारही ठिकाणी "एकदम भारी माल आहे मॅडम" एवढंच उत्तर मिळालं होतं.

दुकान नांदेडचं आहे. नाव लिहीत नाही, मालकांनीच तसं सांगितलंय. त्यांना आहेत त्या तारखाच पुरत नाहीत. खाली काही तक्रारीही येणार आहेत, तेव्हा ते बरंच झालं.

मी परभणीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीची सुट्टी मात्र गेली चौदा वर्षं विंगेत जाते. घरात फराळ सासूबाई करतात, मी करंज्यांच्या कडा दुमडून पळते. आमची हौशी मंडळी दर दिवाळीत एक नाटक करतात. नातवंडांनी आजी-आजोबांना घेऊन यावं, किंवा उलट, असं. यंदा, म्हणजे 2025 ला, भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग आणि 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, शेवटचा. परभणीत दोन, मग जालना, नांदेड, लातूर.

गोष्ट काजव्यांची आहे. गावात रात्रभर हॅलोजन जळायला लागतो आणि काजवे येईनासे होतात. शेवटी आजी वायरमनला पटवते, दिवा बंद होतो आणि काजवे येतात. नऊ पोरं, बाह्यांना शिवलेले हिरवे बारके एलईडी, घड्याळात असतो तसल्या चपट्या सेलवर चालणारे. प्रवेश चार मिनिटांचा. सभागृहात काळोख नसेल तर तिथे काजवे दिसत नाहीत, काळे कपडे घालून धडपडणारी नऊ पोरं दिसतात.

आपल्याकडे साऊंड-लाईटचा धंदा उभा आहे तो लग्नावर, गणपतीवर, जयंतीच्या मिरवणुकीवर आणि ऑर्केस्ट्रावर. तिथलं गिऱ्हाईक उजेड आणि आवाज घ्यायला येतं. नाटकवाले येतात काळोख आणि शांतता मागायला. तो माल कुणाच्याच रेटकार्डावर नसतो. म्हणून मी या दुकानाला त्याच मापाने मोजलं: किती अंधार करून देतात आणि किती गप्प राहतात.

आधी पैशाचं. एका प्रयोगाचे साडेनऊ हजार, दोन पोरांसकट. टेम्पोचं डिझेल वेगळं, निम्मे आगाऊ. त्यात चोपन्न एलईडीवाले दहा पार, जुने हजार वॅटचे चार हॅलोजन पार, धुराचं मशीन, सोळा चॅनेलचा मिक्सर, चार स्पीकर, सहा कॉलर माईक. बिल पक्कं दिलं. टेम्पो पाचही प्रयोगांना दिलेल्या वेळेच्या आत आला, जालन्याला तर आमच्याही आधी. आमच्या मंडळींना हे पचायला जड गेलं.

आता लाईट. एलईडी पार आतून 0 ते 255 अशा पायऱ्यांनी कमी-जास्त होतो. वरच्या पायऱ्या डोळ्याला कळत नाहीत. 200 चा 199 झाला तर कुणाला पत्ता लागणार आहे? पण 2 वरून 1 आणि 1 वरून 0 या उड्या अंधारात सरावलेल्या डोळ्याला चटकन दिसतात. महागडे पार हीच वाट हजारो बारीक पायऱ्यांत तोडतात, म्हणून ते लोण्यासारखे उतरतात. भाड्याच्या पारकडून ती अपेक्षा नाही. हॅलोजनची गोष्ट वेगळी. त्याची तार तापलेली असते, वीज काढली तरी क्षणभर निखाऱ्यासारखी राहते आणि मग निवते. विझणं त्याच्या अंगातच आहे.

म्हणून मी चारही हॅलोजन मागून घेतले होते. आजी अंगणात बसते तिथे एलईडीची निळी रात्र आणि कडेने हॅलोजनचा मंद पिवळा. वायरमनने खटका ओढला की निळा आधी काढायचा. त्याची उडी पिवळ्यात लपते. मग पिवळा सहा सेकंदांत खाली. लोकांच्या डोळ्यासमोर शेवटी विझते ती तारच.

सोबत आलेल्या दोन पोरांपैकी मोठा, विशीतला, हे एकदा सांगून समजला. त्याचं खरं कौतुक दुसऱ्याच गोष्टीसाठी. हजार वॅटचे चार म्हणजे 230 व्होल्टला सतरा अँपिअरच्या वर. एकाच 16 अँपिअरच्या पॉईंटवर लावले तर आज ना उद्या एमसीबी पडणार, आणि ती काजव्यांच्या प्रवेशातच पडणार. त्याने न सांगता दोन वेगळ्या लाईनी शोधल्या. मग टोकाचे दोन पार विनाकारण लुकलुकायला लागले तेव्हा खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. जुडग्याला एक प्लग लटकत होता, आत 120 ओहमचा रेझिस्टर डागलेला. शेवटच्या पारच्या मोकळ्या टोकात खोचला, लुकलुक बंद. पारना हुकूम देणारा सिग्नल तारेच्या टोकाला आपटून परत फिरतो, तो तिथेच जिरवायचा, एवढंच काम. हा प्लग गळ्यात घालून फिरावा असा आहे, पण दहा दुकानांतल्या नऊंकडे नसतो.

पहिल्या प्रयोगाला मात्र काळोख झाला नाही. सगळं शून्यावर, आणि वर बॅटनवर, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या नळीवर, दहा लाल आकडे चमकताहेत. प्रत्येक पारच्या मागे त्याचा पत्ता, म्हणजे हुकूम कुणाला ते ओळखायचा आकडा, दाखवणारी पट्टी. शेजारच्या धुराच्या मशीनवर हिरवा दिवा, स्पीकरना ताकद देणाऱ्या अँपवर निळे दोन. त्यात विंगेत छोटा पोरगा मोबाईलवर रील बघत बसलेला, त्याचा चेहरा चंद्रासारखा.

"ताई, लायटी बंदच हायत की," तो म्हणाला.

"आणि तुझं काय?"

मोबाईल माझ्या पर्समध्ये गेला. पार खाली घेऊन मेनूत शोधलं तर अर्ध्या मिनिटाने पट्टी आपोआप विझण्याची सेटिंग होती. दुकानात कुणी कधी लावलीच नव्हती. लग्नात कोण बघतो? बाकी दिव्यांवर काळी चिकटपट्टी. हे काम दुकानाने गोदामातच करून पाठवायला हवं. दुसऱ्या प्रयोगापासून काळोख जवळजवळ पूर्ण. उरले ते प्रेक्षकांतल्या बाळांचे चालताना चमकणारे बूट. त्याला माझ्याकडेही उपाय नाही.

साऊंडकडे वळते आणि इथे सूर बदलतो.

कॉलर माईक 2.4 गिगाहर्ट्झवाले निघाले. फोनवर विचारायचं माझंच राहिलं, पण मुलांचं नाटक आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. याच पट्टीत वायफाय चालतं, याच पट्टीत ब्लूटूथ. रंगीत तालमीला रिकाम्या सभागृहात सहाही माईक ठणठणीत. तिसरी घंटा झाली, सहाशे माणसं सहाशे फोन खिशात घेऊन बसली आणि आजीच्या वाक्यातले शब्द गळायला लागले. "बाळा, दिवा... की काजवे... नाहीत." पहिल्या रांगेतल्या खऱ्या आजीबाई शेजारणीला विचारताहेत, काय म्हणली?

मध्यंतरात रिसीव्हर सभागृहाच्या मागच्या टेबलावरून उचलून विंगेत आणले, नटांपासून पाच मीटरवर. तिथून लांब केबल मिक्सरपर्यंत. अंतर तुटलं तसं तुटणंही कमी झालं. शिवाय रंगमंचाच्या कडेला जमिनीवर तीन माईक ठेवून त्यांच्यावरच भिस्त ठेवली. खरं तर नाटकाला तेच बरे. पोराला गळ्यात माईक दिला की पोरगं ओरडायचं सोडतं. मालकांना रात्री फोन केला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. नांदेडच्या प्रयोगाला यूएचएफचे, म्हणजे वायफायपासून वेगळ्या पट्टीत चालणारे, दोन संच जादा पैसे न घेता दिले. पण बाकी चार तेच.

वर एक भेट: "अठरा इंची दोन बेस फुकट टाकलेत ताई." मी नको म्हटलं तरी आले. टेम्पोत निम्मी जागा त्यांनीच खाल्ली. आमच्या नाटकात सगळ्यात खालचा आवाज म्हणजे म्हातारबाबाचं खाकरणं. पाचही प्रयोग ते बेस विंगेत उभे राहिले आणि त्यांच्यावर वायरमनची टोपी, कंदील आणि चहाचे कप ठेवले गेले. उंची मात्र नेमकी होती.

शांततेचे मार्क असे की अँपच्या रॅकचा पंखा विंगेत ठेवल्यावर तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. मोठ्या पोराने कुरकुरत रॅक मागच्या बोळात नेला, जास्तीच्या केबली ओढल्या. मग लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून "घूंऽऽ". छोट्याने लगेच सवयीने पक्कड काढली, चार्जरची तिसरी पिन कापायला. हे मी सगळ्या मराठवाड्यात पाहिलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो. ती पिन अर्थिंगची आहे. घूं जाईल, पण उद्या यंत्रात बिघाड झाला तर वीज जमिनीत जायच्या ऐवजी माईक धरलेल्या पोराच्या अंगातून जाईल. मोठ्याने त्याचा हात धरला आणि पेटीतून डीआय बॉक्स काढला, दोन यंत्रांची अर्थिंग वेगळी ठेवून आवाज पुढे नेणारी डबी. लॅपटॉपचा आवाज त्यातून नेला, बॉक्सवरचा ग्राऊंडचा खटका उचलला, घूं गेली. दुकानात डीआय बॉक्स आहे, आणि तो कशासाठी असतो हे जाणणारा एक माणूसही आहे. फोन करताना तोच मागा.

धुराचं मशीन घेऊ नका. फुसकारतं. काजव्यांच्या शांततेत म्हैस शिंकल्यासारखं. शिवाय त्याचा हीटर मधूनच सुरू होतो तेव्हा त्याच लाईनीवरच्या मिक्सरमध्ये "टक" येतं. तिसऱ्या प्रयोगापासून आम्ही ते टेम्पोतून उतरवलंच नाही.

लातूरची गोष्ट सांगायलाच हवी. तुळशीची लग्नं उरकत आली होती, खरी लग्नं डोक्यावर होती. दुकानाने दहाऐवजी सहाच पार पाठवले, चार कुठल्याशा हळदीला गेलेले. आदल्या रात्री कळवलं, पैसेही तेवढे कमी लावले, पण रात्री अकरा वाजता सगळा लाईट प्लॅन नव्याने मांडायचा म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. सहा पारांत निळी रात्र विरळ झाली, हॅलोजनवर जास्त भार आला. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, पडदा उघडला. वायरमनने खटका ओढला. निळा गेला, पिवळा सावकाश निवत निवत गेला, एकही आकडा नाही, पंखा नाही, घूं नाही. पाच प्रयोगांतला सगळ्यात चांगला काळोख सहा पारांनी दिला.

आणि त्या काळोखात मधल्या रांगेतून एक खणखणीत पोर ओरडलं, "आई, लाईट गेलीऽ!"

सगळं सभागृह हसलं. आजीचं काम करणारी आमची नटी हसू दाबत अंधारात उभी, तिचा खांदा कॉलर माईकला घासतोय ते मला हेडफोनमध्ये ऐकू येतंय. मी पुढचा क्यू देईना. हसू ओसरू दिलं. मग पहिला हिरवा ठिपका उठला आणि तेच पोर हळूच म्हणालं, "आली."

पुढच्या दिवाळीला पुन्हा यांच्याकडूनच लाईट घेणार. माईक दुसरीकडून, यूएचएफ आहेत का हे आधी विचारून. मोठा पोरगा येणार असेल तरच आगाऊ द्यायचे, हे आमच्या खजिनदाराच्या वहीत लिहून ठेवलंय. तारीख घ्यायची तर दसऱ्याच्या आत घ्या. परवा हिशेबाचे उरलेले पाचशे मागायला मी मालकांना फोन केला होता. त्यांनी उचललाही. पण मागे बँड वाजत होता, ते काहीतरी ओरडून सांगत होते आणि मला एक अक्षर कळलं नाही.