क्लच फॅन की इलेक्ट्रिक फॅन: सिग्नलला तापणाऱ्या जुन्या कॅमारोसाठी

१९६९ ची शेवरले कॅमारो. ३५० घनइंचांच्या ब्लॉकमध्ये ४०० च्या मापाची ३.७५ इंच स्ट्रोकची क्रँक घालून ३८३ केलेलं इंजिन, मोठा कॅम, मागाहून बसवलेला एसी. हायवेवर काटा १८५ वर गपगुमान बसलेला (सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये, कारण डॅशवरचा काटाही त्यातच आहे). गावात शिरलं आणि ओळीने तीन सिग्नल लाल मिळाले की तोच काटा २२० च्या पलीकडे. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे कडेला बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या दिसल्या, की त्यांतल्या अनेकांचं दुखणं हेच असतं. पळवली तर तापत नाही, रांगवली की तापते.

हे लक्षण महत्त्वाचं आहे. ताशी ३०-३५ मैलांच्या पुढे समोरून येणारा वारा पुरतो, पंखा असला काय नसला काय. त्यामुळे गाडी हायवेलाच तापत असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. तिथे रेडिएटरचा खालचा होज पाण्याच्या पंपाच्या ओढीने चपटा होतोय का, आत स्प्रिंग आहे का, रेडिएटर आतून चोंदलाय का, ते बघा. आणि सर्पेंटाइन बेल्टचा (सगळं एकाच लांब पट्ट्यावर फिरवणारा) किट घातला असेल तर पंप उलट फिरणाराच घेतलाय ना, हेही. ही शेवटची चूक वाटते त्याहून जास्त वेळा सापडते.

तापणं फक्त आयडलचं (गाडी उभी, इंजिन मंद चालू) असेल तर दुखणं वाऱ्याचं. मग फाटा फुटतो: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा थर्मल क्लच फॅन पूर्ण श्राउडसकट (श्राउड म्हणजे रेडिएटरचा वारा पंख्याकडे वळवणारं झाकण), की रेडिएटरला चिकटवलेले दोन इलेक्ट्रिक फॅन? (तिसरा प्रकार फ्लेक्स फॅनचा. त्याची पातळ पाती वयानुसार तडकतात आणि सुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येऊ शकतं. त्याच्यावर याहून जास्त शाई नको.)

पंख्यावर पैसे घालण्याआधी मात्र डिस्ट्रिब्युटर बघा. आयडलला टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर मिश्रण उशिरा जळतं, ज्वाळा एक्झॉस्ट पोर्टपर्यंत पोचते आणि ती सगळी उष्णता हेडमधल्या पाण्यात उतरते. इनिशिअल (मूळचं लावलेलं) टायमिंग १२ अंशांच्या आसपास, एकूण ३४ ते ३६, आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी डबी) जोडलेला, शक्यतो थेट मॅनिफोल्डला. मोठ्या कॅममुळे आयडलला व्हॅक्यूम पाऱ्याच्या १० इंचच मिळत असेल तर ॲडव्हान्सची डबी ८ इंचांत पूर्ण ओढली जाणारी हवी, नाहीतर टायमिंग डोलत राहतं आणि आयडलही. एवढ्यानेच काटा दहा अंश खाली येतो, असा माझा अनुभव आहे; तुमच्या इंजिनावर कमीजास्त होईल. शिवाय २२० म्हणजे उकळी नव्हे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि रेडिएटरला १५ पौंड दाबाचं धड टोपण असेल तर उकळी २६५ च्या आसपास फुटते. घाबरून सिग्नलला इंजिन बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं आणि हेड उलट आणखी तापतात.

आता पंखे. आधी इलेक्ट्रिकची बाजू मांडतो, कारण कागदावर तीच जड आहे. क्लच फॅन इंजिनाच्या वेगाला बांधलेला. आयडल ७५० आरपीएमचा असेल तर पंखाही त्याच हिशेबात रेंगाळतो, आणि वाऱ्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. इलेक्ट्रिकला इंजिनाशी देणंघेणं नाही, सिग्नलला उभं असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो. इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटं चालवून रेडिएटर थंड करता येतो. वरच्या आरपीएमला पंखा फिरवण्यात जाणारी ताकद वाचते. पंप आणि रेडिएटरमध्ये जागा कमी असेल तरी मावतो. आणि गर्जना नाही.

ह्यातलं खोटं काही नाही. फक्त हे सगळं पंख्याला सतत १४ व्होल्ट मिळतात असं धरून आहे.

ऑगस्टची संध्याकाळ, लाल सिग्नल, एसी चालू. हिशेब मांडून बघा: इग्निशन ४-५ अँपियर, हेडलाइट आणि मागचे दिवे १२, ब्रेक दाबलेला म्हणून आणखी ४, एसीचा ब्लोअर शेवटच्या घरात १५, कंप्रेसरचा क्लच ४. हे झाले चाळीस. त्यावर १२ इंची दोन दमदार पंख्यांचे ढोबळ मानाने २५ ते ३०. म्हणजे सत्तरच्या घरात. गाडीत जुना डेल्को अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) असेल, किंवा सुधारणा म्हणून १०-एसआय मालिकेतला ६३ अँपियरचा बसवला असेल, तर ६३ हा आकडा तो वेगात फिरताना देतो. आयडलला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि स्वतः तापल्यावर त्याहूनही कमी. उरलेलं बॅटरी भरते. व्होल्टेज १४ वरून १२ वर, मग त्याहून खाली. मोटारचा वेग व्होल्टेजबरोबर पडतो, वारा वेगाबरोबर. हेडलाइट पिवळे पडतात, ब्लोअर सुस्तावतो, आणि ज्या क्षणासाठी इलेक्ट्रिक फॅन घेतला त्याच क्षणी तो दमतो. काटा चढतो तो गॅरेजमध्ये नव्हे, तिथे दिवे आणि एसी बंद असतात म्हणून सगळं छान दिसतं. चढतो तो नेमका रस्त्यावर.

माझा निर्णय याच एका कटकटीवर झाला. उपाय नाही असं नाही, पण तो मारुतीच्या शेपटासारखा वाढत जातो. मोठा अल्टरनेटर हवा, निदान सीएस-१३० जातीचा १०५ अँपियरचा. त्याला मूळची बारीक चार्जिंग वायर पुरत नाही, ४ किंवा ६ गेजची नवी ओढा. एकेरी व्ही-बेल्ट एवढा भार ओढताना घसरतो, किंचाळतो. मग दुहेरी पुली, नाहीतर सर्पेंटाइन किट, आणि तो आला की पुन्हा उलट फिरणारा पंप. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र ४० अँपियरचा रिले, ३० चा फ्यूज, १० गेजची वायर. सुरू होताना मोटार चालू भाराच्या दुप्पट-तिप्पट करंट खेचते, म्हणून दोन्ही एकदम लावायचे नाहीत; पहिला १९५ ला, दुसरा २०५ ला.

पंख्यांसाठी वीज कुठून घेता यावरही बरंच अवलंबून आहे. शेवरलेच्या त्या काळच्या वायरिंगमध्ये हॉर्न रिलेजवळचा पोस्ट हा वाटपाचा नाका आहे. पंखे थेट बॅटरीच्या टर्मिनलवर जोडले तर पंख्यांचा सगळा करंट बॅटरीकडच्या त्या बिचाऱ्या चार्जिंग वायरीतून आणि फ्युजिबल लिंकमधून (फ्यूजसारखी जळणारी वायर) जातो, आणि लिंक तापत राहते. म्हणून जोडणी अल्टरनेटरच्या बाजूला. क्रायस्लरच्या गाड्यांत, म्हणजे चार्जर, रोडरनर वगैरेंत, अख्खा करंट डॅशमधल्या ॲमीटरमधून आणि फायरवॉलच्या कनेक्टरमधून फिरतो. तिथे आधी ती वाट बदलल्याशिवाय इलेक्ट्रिक फॅनचं नावही काढू नये, कनेक्टर वितळतो. पंख्याचं अर्थिंग रेडिएटरला कधीच नको. ॲल्युमिनियमचा कोअर त्याने आतून खाल्ला जातो.

पंखा चालू-बंद करणाऱ्या सेन्सरच्याही दोन चुका नेहमीच्या. थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) १९५ चा आणि पंखा बंद व्हायचं तापमान १८५, असं ठेवलं तर पंखा कधी थांबतच नाही, आणि लोक म्हणतात रिले चिकटला. १८० च्या थर्मोस्टॅटला १९५-२०० ला चालू, १८५ ला बंद, हे जमतं. दुसरी चूक, एका वायरीच्या सेन्सरच्या आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप. त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होत असतं. आणि रेडिएटरच्या जाळीत खुपसायची ती काडी नको. सेन्सर इनटेकमध्ये किंवा हेडमध्ये, पाण्यात बुडालेला असावा.

आता क्लच फॅन. एसीवाल्या गाड्यांना कंपनीकडून तोच येई, हेही काही उगाच नाही. पुढे बसवलेली द्विधातूची गुंडाळी रेडिएटरमधून आलेला वारा चाखते. तो वारा साधारण १७० च्या आसपास गेला की आतलं सिलिकॉन तेल सोडलं जातं आणि पंखा पकड घेतो. हेवी ड्यूटी क्लच पकडीत असताना पुलीच्या वेगाच्या ८० ते ९० टक्के फिरतो, सुटा असताना २० ते ३०. साधा, बिनथर्मल क्लच ३० ते ६० मध्येच अडकतो. तो स्वस्त असतो, दुकानात पटकन हाती पडतो, आणि क्लच फॅनला नावं ठेवणाऱ्यांच्या गाडीत बऱ्याचदा तोच निघतो.

आयडलला कमी वारा हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचं उत्तर श्राउड. १८ इंची सात पात्यांचा पंखा उघडा फिरवला तर तो रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच ओढतो, कोपरे वाया जातात, आणि पात्यांच्या टोकांवरून गरम वारा पुन्हा मागचा पुढे येतो. कोअर पूर्ण झाकणारं श्राउड लावलं की तोच पंखा चारही कोपऱ्यांतून ओढतो. पात्याची रुंदी निम्मी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर. टोक आणि कडा यांत अर्धा ते एक इंच. गुंडाळी कोअरपासून दीड-दोन इंचांत. त्याहून मागे राहिली तर तिला वारा उशिरा कळतो आणि क्लच झोपलेला राहतो. रेडिएटरच्या वरची पट्टी आणि बॉनेट यांच्यातलं रबरही बसवा. ते नसलं की इंजिनाचा गरम वारा वरून पुढे येऊन पुन्हा आत शिरतो. ह्या रबराला फार थोडे पैसे लागतात आणि तेच सगळ्यात जास्त गाड्यांतून गायब असतं. अंडरड्राइव्ह पुल्या असतील तर काढा, त्या पंप आणि पंखा दोन्ही आयडलला मंद करतात.

एवढं केल्यावर ३८३ आणि एसी, ९५ अंशांच्या दुपारी, सिग्नलला काटा २०० च्या आगेमागे राहतो. मी वारा मोजलेला नाही, मोजायचं यंत्रही नाही. पण सिग्नलवर दिवे पिवळे पडत नाहीत, एवढं मला पुरलं.

खोटं कशाला बोला, क्लच फॅनलाही त्याची दुखणी आहेत. थंड इंजिन सुरू केलं की पहिली मिनिट-दोन मिनिटं तो विमानासारखा गुरगुरतो, कारण तेल आत पसरलेलं असतं. एसीच्या कडक दिवशी हायवेवरून उतरल्यावरही गुरगुरतो. वजन पंपाच्या बेअरिंगवर येतं. इंजिन माउंट फाटलं असेल तर जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन उचललं जातं आणि पातं श्राउडला घासतं. ही भीती नुसती कागदावरची नाही: १९६५ ते १९६९ च्या सुमारे ६७ लाख शेवरले गाड्या जनरल मोटर्सने १९७१ मध्ये ह्या माउंटपायीच परत बोलावल्या होत्या, कॅमारोही त्यांत होती. रबर फाटलं तरी न सुटणारे एकमेकांत अडकणारे माउंट आता मिळतात, पंख्याआधी ते घाला.

दुसऱ्या बाजूला, हायवेवर इलेक्ट्रिक फॅनचं पूर्ण झाकण वाऱ्याच्या वाटेतच उभं राहतं. रबरी झडपा असलेलं श्राउड असेल तर वेगात त्या उघडतात आणि वाट मोकळी होते. नसतील तर गाव सुधारतं आणि हायवे बिघडतो.

तरीही काही गाड्यांना इलेक्ट्रिकच योग्य, तिथे माझा हट्ट नाही. जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं एलएस इंजिन टाकलं असेल तर कॉम्प्युटर पंखा स्वतः सांभाळतो आणि अल्टरनेटरही नव्या काळाचा असतो, म्हणजे वरची कटकट उरतच नाही. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये फोर्डचं ३५१ विंडसर इंजिन घातलं तर रेडिएटरमागे क्लचला जागाच फार तोकडी पडते. ड्रॅग स्ट्रिपवर दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन बंद ठेवून थंड करायचं असेल तर इलेक्ट्रिक पंपासकट तोच. पण एसीची, गावात फिरवायची, व्ही-बेल्टवाली जुनी शेवरले असेल, तर मी आधी श्राउड आणि क्लच यांवर पैसे घालीन.

क्लच मागताना ‘थर्मल’ आणि ‘हेवी ड्यूटी’ हे दोन्ही शब्द उच्चारा, आणि पंपाच्या मधल्या दांड्याचं माप घेऊन जा. तो ५/८ इंचाचा असतो किंवा ३/४ चा. क्लचचं भोक मोठं निघालं तर मधे बसणारी पितळी कडी लागते. ती न घालता चार बोल्टांवर टांगलेला पंखा मध्य सोडून फिरतो आणि पंपाचं बेअरिंग फार दिवस टिकत नाही. गाडीत जुनाच क्लच असेल तर इंजिन पूर्ण तापवून बंद करा आणि पंखा हाताने झटका देऊन फिरवा: तीनपेक्षा जास्त वेढे आरामात फिरला, किंवा मधल्या डबीभोवती तेलकट धूळ दिसली, किंवा पात्याचं टोक पाव इंचापेक्षा जास्त मागेपुढे हललं, तर तो गेलाय.