पिकअपला बसवलेला ट्रान्समिशन ऑइल कूलर: सात महिन्यांचा अनुभव

गोव्यात कोलवाळला माझं फायबरच्या होड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. होडी नदीतून काढायची, शेडमध्ये आणायची, काम झालं की परत पाण्यात सोडायची. वर्षातून तीन-चार वेळा एखादी होडी घाटावरच्या जलाशयात पोचवायची. हे सगळं ओढायला डबल कॅबचा डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना लागू पडेल.

एकवीस फुटी होडी, तिचं आउटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर मिळून काट्यावर १,९८० किलो भरतात. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेकवाल्या ट्रेलरची जी मर्यादा दिलीय, तिच्या बरंच आत. म्हणून पहिली दोन वर्षं मी निर्धास्त होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात कोयनेच्या जलाशयावर तापोळ्याला एक होडी न्यायची होती. बांदा, दाणोली करून आंबोलीचा घाट चढत होतो. पुढे भरलेले दोन ट्रक, ओव्हरटेकला जागा नाही, वेग पंधरा-वीसच्या वर जाईना. धबधब्याच्या अलीकडे मीटरवर ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, तापल्याची सूचना आली. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र मध्यावर, जागचा हललेला नाही. घाबरून गाडी बाजूला घेतली आणि लगेच बंद केली. पाऊण तासाने निघालो, तापोळ्याला पोचलो, परतही आलो. पण त्यानंतर चाळीस-पन्नासच्या वेगात गाडी बारीक थरथरायला लागली, जणू खरखरीत रस्त्यावरून चालली आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं की या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं, बदलायचं नसतं. शेवटी करासवाड्याला एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेस्त्रींनी ड्रेनचा नट सैल करून थोडं तेल वाटीत घेतलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. नवं तेल लालसर असतं, हे कोऱ्या कॉफीसारखं, आणि वास करपलेला. "भाऊ, हे तेल राहिलं नाही, काढा झालाय," एवढंच म्हणाले. एकदा ड्रेन केलं की निम्म्याहून कमी तेल बाहेर येतं, बाकीचं आतल्या भागांत, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (तो काय ते खाली) आणि व्हॉल्व्ह बॉडीत, राहतं. म्हणून दर तीन-चारशे किलोमीटरवर असं तीन वेळा बदललं. तिसऱ्या खेपेनंतर थरथर गेली. गिअरबॉक्स उघडावा लागला नाही, हे माझं नशीब.

तेल एवढं तापतं कशाने, हे त्या मेस्त्रींनी मला फरशीवर खडूने काढून दाखवलं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर, मध्ये तेल. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. दोघांच्या फिरण्यात जेवढा फरक, तेवढी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. गाडीने वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र धरतो आणि घुसळण थांबते. म्हणजे तेल तापवणारी वेळ असते ती जड ओझं घेऊन सावकाश सरकण्याची, जेव्हा लॉक-अप लागलेलाच नसतो. मेस्त्री मंडळींचा एक जुना ठोकताळा आहे: ऐंशी अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक तेलं त्याहून जास्त सोसतात, तरी कल तोच.

नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी बसवल्या. एक, पातळ प्लेटा एकावर एक रचलेला बाहेरचा ऑइल कूलर. दुसरी, तापमान बघण्यासाठी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून आतले आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी. कूलरला ११,४०० रुपये, होज, क्लॅम्प, ब्रॅकेट आणि मजुरी मिळून ४,२००, डोंगल १,८००.

आधी डोंगलबद्दल, कारण इथे माझे चार दिवस फुकट गेले. इंजिनाच्या पाण्याचं तापमान कुठलंही ॲप लगेच दाखवतं. ट्रान्समिशन तेलाचं तसं नाही, त्याचा कोड प्रत्येक कंपनी आपापला ठेवते. तुमच्या मॉडेलचा कोड शोधून ॲपमध्ये हाताने भरावा लागतो, आणि तो भरायची सोय असलेलंच ॲप घ्या. आकडा आला की लगेच विश्वास ठेवू नका. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना तेलाचं तापमान हवेच्या आसपास दिसलं पाहिजे. मला पहिल्यांदा ६८ दिसलं, म्हणजे कोड चुकला होता. शिवाय माझ्या गाडीत सेन्सर तळातल्या तेलात आहे. कन्व्हर्टरमधून त्या क्षणी बाहेर पडणारं तेल त्याहून बरंच गरम असतं, म्हणून पडद्यावरच्या १०५ ला मी १०५ समजून चालत नाही.

कूलर रेडिएटरच्या आणि एसी कंडेन्सरच्या पुढे, मध्ये बोटभर फट ठेवून बसवला. तेल आधी रेडिएटरमधल्या मूळ कूलरमधून जातं, मग नव्यातून, मग गिअरबॉक्सला परत. हाच क्रम ठेवा. उलटा केला तर बाहेर थंड झालेलं तेल रेडिएटरच्या गरम पाण्याने पुन्हा तापतं. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, तेलाची पातळी ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, तपासणीच्या नटातून बघतात. कूलर बसवला की तेल जास्त लागतं, म्हणून ही तपासणी पुन्हा करून घ्याच. होज तेलासाठीचेच हवेत, पाण्याचे चालत नाहीत.

रिकामी गाडी हायवेला तेलाचं तापमान ७८ ते ८२ अंश दाखवते. होडी जोडून पत्रादेवीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर साठच्या वेगात ८६-८८. म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, शुक्रवारी, त्याच वजनाने शहरातून सरकताना ९६. हा आकडा पहिल्यांदा बघितला तेव्हा पटला नाही, पण दर शुक्रवारी तोच येतो.

डिसेंबरमध्ये आंबोली पुन्हा चढलो, तीच होडी. पायथ्याला ८७, वर पोचलो तेव्हा १०१. यातलं श्रेय एकट्या कूलरचं नाही. या वेळी मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर धरून ठेवला आणि आरपीएम अडीच हजारांच्या आसपास राहू दिला. 'डी'मध्ये सोडली की गाडी चौथा-तिसरा-चौथा करत बसते आणि प्रत्येक बदलाला लॉक-अप सुटतो. लॉक-अप लागलाय की नाही हे ओळखणं सोपं आहे: एक्सिलरेटर किंचित दाबला आणि वेग न वाढता आरपीएम उडाला, तर तो सुटलेला आहे. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाने गाडी धरली की तेल दहा मिनिटांत नव्वदच्या खाली येतं.

फेब्रुवारीत हिडकलच्या जलाशयासाठी होडी घेऊन चोर्ला घाटाने गेलो. साखळी, केरी, मग अंजुणे धरण मागे टाकलं की वळणं सुरू. काही वळणांवर दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं, वेग तुटतो, लॉक-अप सुटतो. वर पोचेपर्यंत १०८. एका रुंद जागी थांबलो, पण गाडी बंद केली नाही. न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि इंजिन बाराशे-पंधराशेवर ठेवलं. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की गरम तेल जागच्या जागी बसून राहतं, कूलरपर्यंत पोचतच नाही. गेल्या वर्षी आंबोलीत मी नेमकं तेच केलं होतं. चोर्ल्यात आठ मिनिटांत १०८ चे ९३ झाले.

इथवर कूलर पैसे वसूल. पण घाट माझ्या वर्षात चारदा येतो आणि नदीचा रॅम्प आठवड्यातून दोनदा. या सात महिन्यांतले माझे सगळ्यात वरचे आकडे रॅम्पवरचे आहेत. ओहोटीला ट्रेलर खाली न्यायचा, होडी चढवायची, ओल्या शेवाळलेल्या सिमेंटवरून दोन टन चालण्याच्या वेगाने वर ओढायचे. मग वर्कशॉपच्या तांबड्या मातीच्या चढावर ट्रेलर उलटा, रिव्हर्समध्ये, फूट-फूट सरकवत शेडमध्ये घालायचा. एका दुपारी सलग दोन होड्या आणल्या तेव्हा तळातल्या तेलाने ११४ दाखवले. गाडी तीन किलोमीटरही चालली नव्हती. मागच्या दोन वर्षांत माझं तेल कुठे करपलं, ते मला त्या दुपारी कळलं. आंबोलीत नुसती सूचना आली, नुकसान शेडच्या दारात होत होतं.

कूलरला यात काही करता येत नाही, कारण तो वाऱ्यावर चालतो आणि रॅम्पवर वारा नाही. इंजिनाचा पंखा थोडी हवा खेचतो, पण तीन मीटर पुढे, दोन मीटर मागे या कामात ती पुरत नाही.

फरक पडला तो फोर-लोने, म्हणजे फोर बाय फोरच्या सावकाश, जास्त जोराच्या गिअरने. लो रेंजला टाकलं की चाकं तेवढ्याच वेगाने फिरतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्सला हलकं जातं. कन्व्हर्टर फार घुसळत नाही. तोच रॅम्प, तीच दुसरी होडी, मार्चमध्ये फोर-लोत काढली: ९९. पंधरा अंश कमी, एक पैसा खर्च न करता. माझी फोर बाय फोर पार्ट-टाइम प्रकारची आहे, म्हणजे ती लावली की पुढची-मागची चाकं एकत्र जखडली जातात. म्हणून कोरड्या काँक्रीटवर स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-लो वापरत नाही, पुढचं-मागचं ओढाताणीत येतं. ओला रॅम्प आणि सुटी माती इथे हरकत नाही. ट्रेलर सरळ रेषेत लावून घ्यायचा आणि मगच लिव्हर ओढायचा.

आता खटकलेल्या गोष्टी. तिसऱ्या महिन्यात एका क्लॅम्पखाली ओल दिसली. क्लॅम्प साध्या लोखंडाचा होता, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्याला तांब चढली आणि पकड गेली. आता दोन्ही टोकांना स्टेनलेसचे दोन-दोन क्लॅम्प आहेत. कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर पांढरी भुकटी धरते, म्हणून रॅम्पवरून आल्यावर गोड्या पाण्याने, साध्या नळाच्या धारेने धुतो. प्रेशर पंप मारला तर पाकळ्या दुमडतात. एसी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पूर्वीपेक्षा किंचित कमी गार करतो. आणि वॉरंटीचा प्रश्न खरा आहे. माझी संपली होती, तुमची चालू असेल तर कूलर बसवायच्या आधी लेखी विचारा.

मॅन्युअल पिकअपवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही, तिथे त्रास क्लचप्लेटला होतो. पण ऑटोमॅटिक असेल आणि तुम्ही होडी, जनरेटर, काहीही ओढत असाल, तर आधी अठराशेचा डोंगल घ्या आणि महिनाभर नुसते आकडे बघा. कुठल्या कामात आकडा चढतो ते कळल्यावर कूलरचं ठरवा. नुसते घाट असतील तर कूलर डोळे मिटून घ्या. माझ्यासारखं रॅम्पचं काम असेल तर आधी फोर-लो.

६,२०० किलोमीटर झाल्यावर परवा तेल पुन्हा काढून बघितलं. रंग थोडा गडद, पण लालच, वास नाही. बदलायची गरज नव्हती, तरी मी बदललं. यापुढे वीस हजार किलोमीटरची वाट बघणार नाही, दर वर्षी पावसाच्या आधी बदलणार आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्सही थांबतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना होडी एकदमच वर हवी असते. यंदा सहा दिवसांत अकरा होड्या काढल्या. फोर-लो असूनही, दोन होड्यांमध्ये थांबायला वेळ न मिळाल्याने, एकदा १०६ पर्यंत गेलं. म्हणून कूलरच्या मागे १२ व्होल्टचा छोटा पंखा, वेगळ्या स्विचवर, मेस्त्रींना सांगून ठेवलाय. ऑगस्टमध्ये होड्या परत पाण्यात जायला लागतील, तेव्हा रॅम्पवरचे आकडे इथेच टाकतो.