व्हाळ धरून उतरू नका: सत्तरीतल्या नकाशा-होकायंत्र वर्गाबद्दल

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) थंडीच्या दिवसांत डोंगरात वाट काढायला शिकवणारा दोन दिवसांचा वर्ग भरतो. चालवणारे चार-पाच जण. पाटी नाही, जाहिरात नाही. वाळपईच्या बाजारात विचारलं की नंबर मिळतो. फी अडीच हजार रुपये, राहणं-जेवण धरून. मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि पाऊस संपला की मुलांना घेऊन डोंगरावर जाते. माझ्यासारख्या शिक्षकांनी हा वर्ग करावाच, असं माझं ठाम मत झालं आहे. एकदोन गोष्टी मात्र खटकल्या, त्याही सांगते.

पहिल्या सकाळी उंडे-पातळभाजीचा नाश्ता झाल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सिरीज नकाशाचा छापील तुकडा आला. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. समोच्च रेषांमधला, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेषांमधला, उंचीचा फरक २० मीटर. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत आले आहे. शिकवणारे सर (सैन्यातून निवृत्त झालेले, आवाज कधीच न चढवणारे) आम्हाला नकाशासकट सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) टोकाला घेऊन गेले. समोर जांभ्याचा सरळ तुटलेला कडा, दोन माणसांहून उंच. नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. सर म्हणाले, दोन रेषांमध्ये वीस मीटर असतात, पंधरा मीटरचा कडा त्यांत आरामात लपतो. म्हणून रेषा विरळ दिसल्या तरी सड्याच्या कडेला अंधारात किंवा धुक्यात जायचं नाही. ही गोष्ट मी आता प्रत्येक तुकडीला सांगणार आहे.

होकायंत्राचा भाग गोव्याच्या रानाला धरून शिकवतात, ते मला फार आवडलं. घाटावरच्या उघड्या डोंगरांत समोरचा किल्ला किंवा सुळका दिसतो, त्यावर सुई लावली की काम होतं. आमच्याकडे झाडीत पन्नास मीटरपलीकडचं दिसत नाही. त्यामुळे बेअरिंग (होकायंत्रावरची अंशांतली दिशा) धरून समोरचं एखादं ठळक झाड निवडायचं, तिथवर जायचं, तिथून पुढचं झाड, आणि चालताना पावलं मोजायची. सपाटीवर माझी शंभर मीटरला साठ-पासष्ट जोडपावलं (दोन पावलं मिळून एक) होतात. करवंदीच्या जाळ्यांतून चढताना तीच ऐंशीच्या वर गेली. प्रत्येकाला आपला आकडा स्वतः मोजून काढायला लावतात. खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक आपल्याकडे दोन अंशांच्या आतच असल्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही, हे बरं केलं. त्याऐवजी खनिजाबद्दल सांगितलं. गोव्याचं लोहखनिज बहुतेक हेमॅटाईट, ते सुईला फारसं हलवत नाही. मॅग्नेटाईट मात्र हलवतं, आणि तेही इथल्या खडकांत काही ठिकाणी आहे. म्हणून खाणपट्ट्यात बेअरिंग दोन वेगवेगळ्या जागांवरून घ्यायचं आणि मोबाईल सुईपासून लांब ठेवायचा.

मोबाईलला कुणी नावं ठेवत नाहीत. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, पण नकाशा घरूनच उतरवून घेतलेला हवा, हे त्यांनी प्रत्येकाचा फोन एअरप्लेन मोडवर टाकून दाखवलं. तरीही बॅटरी संपल्यावर हातात कागद हवाच.

दुसरा दिवस व्हाळाचा, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचा, आणि माझ्या मते सगळे पैसे त्या एका दिवसात वसूल होतात. वाट चुकली तर व्हाळ धरून खाली उतर, गाव लागेल, असं आपल्यातल्या अनेकांना घरच्या मोठ्यांनी सांगितलेलं असतं. सपाटीच्या गावात ते खरंही असेल. सत्तरीत व्हाळ सह्याद्रीच्या माथ्यावरून निघतो आणि वाटेत कड्यावरून खाली पडतो; चरावणे, हिवरे इथले धबधबे असेच तर झालेत. व्हाळ धरून उतरणारा माणूस एका टप्प्यावर निसरड्या कातळाशी येतो, जिथून खाली जाता येत नाही आणि पुन्हा वर चढणंही कठीण. सुर्लच्या बाजूचे एक काका त्या दिवशी बरोबर होते. ते एवढंच म्हणाले, "उदक उडी मारता, मनशान मारची न्हय." (पाणी उडी मारतं, माणसाने मारायची नाही.) मग त्यांनी नकाशावरची सोंड (डोंगराची खाली उतरत आलेली धार) दाखवली आणि आम्हाला रानातून तिच्यावर चढायला लावलं. सोंडेवर पाऊलवाट असण्याची शक्यता जास्त, दिशा कळते, फोनला रेंजही सापडू शकते. वाट चुकल्यावर पहिलं काम थांबणं, दुसरं शेवटच्या ओळखीच्या जागेकडे परतणं, आणि तेही जमलं नाही तर सोंड.

त्यानंतर काका आम्हाला कोरड्या पडत आलेल्या पात्रात घेऊन गेले आणि वर बघायला सांगितलं. माझ्या डोक्याच्याही वर, फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेली पानं, काटक्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. पावसाळ्यात पाणी तिथवर येऊन गेलं होतं. चोर्ला घाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा खाली ऊनही असू शकतं. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की सामानाचा विचार न करता वर सरकायचं. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर ओलांडायचंच नाही, उतरेपर्यंत वाट बघायची. २०२३ च्या जुलैत मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे लोकांना बंद केले. ती बातमी वाचून हळहळलेल्या प्रत्येकाने हे पात्र एकदा बघावं.

वेळेचा हिशोबही नीट शिकवतात. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास. म्हणजे आठ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर अडीच तासांहून थोडं जास्त. आपल्या दमट हवेत, मुलं बरोबर असताना, त्याचे चार तास धरा, असं सर म्हणाले, आणि माझा अनुभवही तोच आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, रानात त्याआधीच काळोख पडतो. तेव्हा परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवून घरी सांगून जायची. मदत मागायचा शिट्टीचा इशारा मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. आमच्या गावांतून तो ओळखणारे थोडेच, म्हणून आधी ११२ लावायचा.

आता खटकलेलं. दुसऱ्या दुपारी दोरीने उतरण्याचा कार्यक्रम ठेवला होता. पोरांना मजा आली, फोटो झाले, पण नवशिक्याला दोन तासांत दोरी येत नाही आणि अर्धवट आलेली दोरी धोक्याची. ते तास प्रथमोपचाराला द्यायला हवे होते. सर्पदंशावर जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली. कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, अवयव हलू द्यायचा नाही, १०८ बोलवायची, हे सांगितलं. पण आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरच असतं, सत्तरीच्या रानातल्या चापडा जातीच्या सापांवर नाही, हे कुणी बोललं नाही. दंश चापड्याचा वाटला तरी दवाखाना गाठायचाच, तिथले उपचार गरजेचेच असतात, हे मुलांना स्पष्ट कळायला हवं. या भागासाठी एखादा डॉक्टर बोलवा, असं मी त्यांना लिहून दिलं आहे.

वर्ग कोंकणी-मराठीत चालतो, चौदा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. अभयारण्यात सरावाला जायचं असेल तर वनखात्याची परवानगी तेच काढतात, पण त्यासाठी आधार कार्डाची प्रत आठवडाभर आधी द्यावी लागते. बूट जुने, सवयीचे घाला आणि स्वतःची शिट्टी न्या.